‘डी ड्राइव्हमध्ये सीडी घाला’ म्हणणारं जुनं सॉफ्टवेअर नव्या कंप्युटरवर कसं चालवायचं

१९९५ ते २००८ या काळातलं बरंच सॉफ्टवेअर सीडीवर यायचं आणि चालू होताना सीडी आत आहे की नाही हे तपासायचं. मुलांचे शैक्षणिक खेळ, शब्दकोश, ज्ञानकोश, पत्रिकेची सॉफ्टवेअर. छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती, आयएसएमच्या सीड्या अजून सांभाळून ठेवलेल्या असतात, कारण युनिकोडच्या आधी केलेल्या फायली त्या त्या सॉफ्टवेअरशिवाय नीट उघडत नाहीत. आजच्या लॅपटॉपला मात्र सीडीचा ड्राइव्हच नसतो. आणि डी हे अक्षर आपल्याकडे बहुतेक वेळा हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागाला दिलेलं असतं, कारण कंप्युटर जोडून देणारा माणूस ‘सी मध्ये विंडोज, डी मध्ये डेटा’ अशी वाटणी करूनच मशीन हातात देतो.

मग जुनं सॉफ्टवेअर डी मध्ये सीडी शोधतं, तिथे त्याला लग्नाचे फोटो सापडतात, आणि ते ‘सीडी घाला’ म्हणत अडून बसतं. यावर उपाय आहेत, पण कुठला उपाय लागू पडेल हे सॉफ्टवेअर नक्की काय तपासतंय यावर ठरतं. ते न बघता इंटरनेटवरचे उपाय एकामागून एक करत सुटलात तर दिवस जातो आणि रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीची, वाट लागते ती वेगळीच.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेन्यू आणि कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायची आहेत.

१. आधी हे जमवा

• यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह. तो सीड्याही वाचतो.
• मूळ डिस्क आणि तिचा सीरियल नंबर. नंबर बहुधा डबीच्या मागे किंवा पुस्तिकेवर असतो. त्याचा फोटो आत्ताच काढून ठेवा.
• अॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड.
• एनटीएफएस (विंडोजची डिस्क फॉरमॅट करायची नेहमीची पद्धत) असलेल्या डिस्कवर मोकळी जागा: एका सीडीला ७०० एमबी, साध्या डीव्हीडीला ४.७ जीबी, दुहेरी थराच्या डीव्हीडीला ८.५ जीबी.
• डिस्कची प्रतिमा (अख्ख्या डिस्कची फायलीतली नक्कल) काढायला इमगबर्न आणि ती जोडायला गरज पडली तर विनसीडीएमू. दोन्ही फुकट आहेत. ती त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या, ‘फ्री डाउनलोड’ची मोठी हिरवी बटणं मिरवणाऱ्या साइटवरून नको.
• सॉफ्टवेअरसोबत हार्डवेअर लॉक (पोर्टला लावायचं छोटं उपकरण, जे नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही) आलेलं असेल तर तेही.

लॉक प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागणारं असेल तर यूएसबीची प्रिंटर केबल आणून उपयोग नाही. ती केबल विंडोजला फक्त यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते, खरा एलपीटी (पॅरलल) पोर्ट तयार होत नाही आणि लॉक सापडत नाही. त्यासाठी डेस्कटॉपमध्ये पॅरलल पोर्टचं कार्ड बसवावं लागतं. लॅपटॉपवाल्यांनी सीडीच्या मागे लागण्याआधी हा प्रश्न सोडवावा, नाहीतर पुढची सगळी मेहनत फुकट.

बाहेरच्या ड्राइव्हबद्दल एक गोष्ट. यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतात. लक्षणं ओळखीची आहेत: दिवा लागतो, डिस्क फिरायला लागते, टक् असा आवाज होऊन थांबते, पुन्हा फिरते. लोक ड्राइव्ह बिघडला म्हणून परत करतात. आधी हब काढून टाका, डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, आणि केबलला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही जोडा.

२. सॉफ्टवेअर नक्की काय विचारतंय ते ओळखा

‘सीडी आहे का’ हे तपासायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या चार पद्धती असतात.

पहिली: ठरलेलं अक्षर. प्रोग्रॅममध्येच किंवा त्याच्या आयएनआय फायलीत (सेटिंग्जच्या साध्या मजकूर फायलीत) ‘डी:’ असं लिहून ठेवलेलं असतं आणि तो तिथली एखादी फाइल उघडून बघतो. फाइल सापडली की झालं.

दुसरी: ड्राइव्हचा प्रकार. विंडोजला कुठल्याही अक्षराबद्दल विचारलं तर ती एक आकडा देते. काढता येणारी डिस्क २, पक्की डिस्क ३, नेटवर्क ४, सीडी-डीव्हीडी ५. हा प्रोग्रॅम सगळी अक्षरं चाळतो आणि जिथे ५ मिळतो तिथेच बघतो. सीडीवरच्या फायली पेनड्राइव्हवर कॉपी करून काम होत नाही ते यामुळेच. पेनड्राइव्हचं उत्तर २ येतं.

तिसरी: डिस्कचं नाव, म्हणजे व्हॉल्यूम लेबल. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच्या अक्षराशेजारी दिसतं ते. फायली फोल्डरमध्ये कॉपी केल्या की हे नाव मागेच राहतं.

चौथी: कॉपी-संरक्षण. सेफडिस्क, सेक्युरॉमसारखी. ही डिस्कवर मुद्दाम ठेवलेल्या खुणा वाचतात. या गटाबद्दल पुढे, सहाव्या पायरीत.

ओळखायचं कसं? खरी डिस्क खऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, अक्षर जे असेल ते असू द्या, आणि सॉफ्टवेअर चालवा. ई किंवा एफ वर असूनही चाललं, तर अक्षराची अट नाही. सरळ चौथ्या पायरीवर जा. नाही चाललं, तर डी मोकळं करून ड्राइव्हला ते अक्षर द्या. तेवढ्याने चाललं तर पहिली पद्धत. तरीही नाही, तर चौथ्या पद्धतीचा संशय घ्यायचा.

३. अक्षरांची अदलाबदल

ए आणि बी फ्लॉपीसाठी, सी हार्ड डिस्कला, त्यापुढचं पहिलं मोकळं अक्षर सीडीला, ही वहिवाट डॉसच्या काळातली. १९८१च्या आयबीएम पीसीला फ्लॉपीच होत्या. १९८३च्या एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि तिला सी मिळालं. एका हार्ड डिस्कच्या घरगुती मशीनवर सीडी आपोआप डी वर यायची, म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी डी गृहीत धरलं. विंडोज अजूनही आपणहून अक्षरं द्यायला सी पासूनच सुरुवात करते. ए आणि बी हाताने देता येतात.

आजच्या विंडोजमध्ये कुठला भाग कुठल्या अक्षरावर हे रजिस्ट्रीत नोंदलेलं असतं, आणि ते बदलता येतं. असं करा:

• स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. हार्ड डिस्कचे भाग वर दिसतात, सीडीचा ड्राइव्ह अगदी खाली ‘सीडी-रॉम ०’ म्हणून.
• सीडीच्या चौकोनावर राइट-क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’.
• यादीत फक्त मोकळी अक्षरं दिसतात. डी नसेल तर ते कोणाकडे तरी आहे.

डी वर हार्ड डिस्कचा भाग असेल तर आधी तो हलवावा लागेल, आणि इथेच थांबून विचार करा. त्या भागावर फक्त फोटो, गाणी, कागदपत्रं असतील तर अक्षर बदलून काही जात नाही. फायली तिथेच राहतात, पत्ता बदलतो. पण तिथे एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलेलं असेल, टॅलीचा डेटा असेल, बॅकअपचा प्रोग्रॅम रोज तिथे लिहीत असेल, तर ते सगळं जुन्या पत्त्यावर शोधत बसेल. विंडोज इशारा देते की अक्षरावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम कदाचित चालणार नाहीत. हा इशारा खरा आहे, सवयीने ‘येस’ दाबू नका. डी वर प्रोग्रॅम असतील तर अदलाबदल सोडा आणि दहाव्या पायरीतला व्हर्च्युअल मशीनचा (कंप्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कंप्युटरचा) मार्ग धरा.

डी वर फक्त डेटा आहे असं पक्कं झालं की क्रम असा: हार्ड डिस्कचा भाग डी वरून एम वर न्या, मग सीडीचा ड्राइव्ह डी वर आणा. एम का? ई, एफ, जी ही अक्षरं पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर पटकावतात. गूगल ड्राइव्हचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर तर आपणहून जी घेतं. मधलं अक्षर निवडलं की कोणाशी टक्कर होत नाही. सी ला हात लावायचा नाही. विंडोज लावूही देणार नाही.

अक्षर बदलताना ‘द पॅरामीटर इज इनकरेक्ट’ असा काहीच न सांगणारा संदेश आला, तर बहुधा त्या भागावर पेजिंग फाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरते ती) आहे. सिस्टिमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स, तिथे व्हर्च्युअल मेमरी. डी समोर ‘नो पेजिंग फाइल’ निवडा, ‘सेट’ दाबा, मशीन पुन्हा चालू करा आणि मग अक्षर बदला.

अदलाबदलीच्या आधी आणखी एक गोष्ट बघा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर डी वर हलवलेले असतील तर अक्षर बदलल्यावर त्यांचे पत्ते चुकतात. त्यातून एक फार फसवी चूक निघते. ती सहाव्या पायरीत येईल.

४. डिस्कची प्रतिमा काढा

डिस्क दर वेळी फिरवत बसण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस वर्षांची सीडी आज वाचली गेली म्हणून पुढच्या वर्षी वाचली जाईलच असं नाही. एकदाच आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची प्रतिमा, काढून ठेवा. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) कायदेशीररीत्या घेतलेल्या सॉफ्टवेअरची प्रत नुकसानीपासून बचाव म्हणून काढायला मुभा देतं. ती मित्रांत वाटायला मात्र नाही.

आधी डिस्क पुसा. मऊ सुती कापड, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर पडणारा ओरखडा वाचनाच्या दिशेने जातो, आणि सलग बराच भाग नासतो. आडवा ओरखडा ड्राइव्ह बहुतेकदा सांभाळून घेतो. सीडीची छापील बाजू जास्त नाजूक असते हे कुणी सांगत नाही. चकचकीत थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून ओरखडा पडला, स्टिकर ओढून काढला किंवा टोकदार पेनने लिहिलं की डेटा कायमचा जातो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, तिथे ही भीती कमी.

मग इमगबर्नमध्ये ‘क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क’ निवडा. जुन्या डिस्कसाठी वाचनाचा वेग ‘मॅक्स’ वरून खाली आणा. वेग कमी असला की ड्राइव्ह कमी थरथरतो आणि ओरखडे पडलेले भाग वाचायची शक्यता वाढते. मध्येच चूक आली तर लगेच सोडून देऊ नका. एक ड्राइव्ह जी डिस्क वाचत नाही ती दुसरा वाचतो, हे नेहमीचं आहे. शेजारच्या जुन्या डेस्कटॉपमधला जाडजूड ड्राइव्ह पातळ यूएसबी ड्राइव्हपेक्षा पुष्कळदा चांगलं काम देतो.

इमगबर्नने आयएसओऐवजी बिन आणि क्यू अशा दोन फायली केल्या तर घाबरू नका. त्या सीडीवर डेटाबरोबर गाण्यांचे ट्रॅक आहेत; जुन्या खेळांत पार्श्वसंगीत असंच साठवलेलं असायचं. आयएसओत ते मावत नाहीत. अशा फायलीचं नाव बदलून तिला आयएसओ करायचा प्रयत्न करू नका. दोन्ही फायली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि नावंही बदलू नका, कारण क्यू ही साधी मजकूर फाइल असते आणि तिच्या आत बिनचं नाव लिहिलेलं असतं.

५. प्रतिमा जोडणं

विंडोज ८ पासून आयएसओवर डबल-क्लिक केलं की ती सीडी घातल्यासारखी जोडली जाते, नवं अक्षर मिळतं. दुसऱ्या पायरीतल्या पहिल्या तिन्ही प्रश्नांना हा ड्राइव्ह बरोबर उत्तर देतो: प्रकार ५ येतो, लेबल मूळ डिस्कचंच राहतं, आणि अक्षर डिस्क मॅनेजमेंटमधून बदलता येतं. बहुतेक सॉफ्टवेअरचं काम इथेच होतं, खरा ड्राइव्ह कपाटात गेला तरी चालतो.

अडतं ते या जागी:

• डबल-क्लिकने विनरार किंवा सेव्हनझिप उघडतं. त्यांनी आयएसओवर आपला शिक्का मारलेला असतो. राइट-क्लिक, ‘ओपन विथ’, ‘विंडोज एक्सप्लोरर’.
• ‘फाइल एनटीएफएसवर आहे का बघा’ असा संदेश येतो. आयएसओ पेनड्राइव्हवर, एक्सफॅट डिस्कवर किंवा कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये आहे. सी वरच्या साध्या फोल्डरमध्ये आणा.
• मशीन बंद करून चालू केल्यावर ड्राइव्ह गायब. हे असंच आहे. पुन्हा जोडावा लागतो.
• पुन्हा जोडल्यावर अक्षर बदललं. मध्ये कोणी पेनड्राइव्ह लावला असेल तर असं होतं. ज्यांना दर वेळी ठरावीक अक्षरच हवं त्यांनी विनसीडीएमू वापरावं. जोडताना अक्षर निवडायची सोय त्यात आहे, आणि बिन-क्यूची जोडीही ते घेतं.

सब्स्ट ही कमांड पुष्कळ जण सुचवतात. सी वरच्या एखाद्या फोल्डरला ती डी हे अक्षर देते. सॉफ्टवेअर फक्त अक्षर आणि फाइल बघत असेल तर ठीक, पण अशा ड्राइव्हचा प्रकार ३ येतो, लेबल सी चंच दिसतं, आणि मशीन पुन्हा चालू केलं की ते अक्षर नाहीसं होतं. आयएसओ जोडता येत असताना सब्स्टच्या नादी लागू नये.

६. इन्स्टॉल करताना अडणाऱ्या जागा

ऑटोरनवर विसंबू नका. ड्राइव्हच्या अक्षरावर राइट-क्लिक करून डिस्क उघडा, आतली सेटअप फाइल शोधा, तिच्यावर राइट-क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’. सेटअप एकापेक्षा जास्त दिसले तर ऑटोरन.आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडा. ‘ओपन’ समोर लिहिलेली फाइल ती खरी.

‘धिस अॅप कान्ट रन ऑन युअर पीसी’ असं आलं तर बहुधा सेटअप १६-बिटचा, म्हणजे फार जुन्या धाटणीचा, आहे. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येते. यात एक पोटप्रकार आहे: सॉफ्टवेअर ३२-बिटचं पण त्याचा सेटअप तेवढा १६-बिटचा. काही ओळखीच्या सेटअपच्या बाबतीत विंडोज आपणहून ३२-बिटचा पर्याय वापरते. बाकीच्यांसाठी डिस्कवर ‘विन३२’ किंवा ‘एनटी’ नावाचा वेगळा फोल्डर आहे का बघा, त्यात पुष्कळदा दुसरा सेटअप असतो.

‘डिस्कवर पुरेशी जागा नाही’ आणि तुमच्याकडे तर ४०० जीबी मोकळी! जुना सेटअप मोकळी जागा ३२-बिट आकड्यात मोजतो. मोठा आकडा त्यात मावत नाही, गुंडाळला जातो आणि लहान किंवा उणे दिसतो. सेटअपच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी मोड ‘विंडोज ९५’ करून बघा. तो प्रोग्रॅमला मोकळी जागा कमी करून सांगतो. तरी नाही जमलं तर डिस्क मॅनेजमेंटच्या ‘अॅक्शन’ मेन्यूतून १ जीबीची व्हीएचडी (फायलीत साठवलेली नकली हार्ड डिस्क) बनवा, एमबीआर निवडून तयार करा, फॉरमॅट करा आणि तिच्यावर इन्स्टॉल करा. व्हीएचडीही मशीन चालू झाल्यावर पुन्हा जोडावी लागते, हे लक्षात असू द्या.

‘एरर १३२७, इन्व्हॅलिड ड्राइव्ह डी’. ही ती मघाची फसवी चूक. नाव डी चं घेतल्यामुळे सगळे सीडीच्या मागे लागतात, आणि सीडीचा काही संबंधच नसतो. डॉक्युमेंट्ससारखा एखादा फोल्डर पूर्वी डी वर होता, ते अक्षर आता नाही किंवा रिकाम्या सीडी ड्राइव्हला गेलं, आणि इन्स्टॉलर तो पत्ता तपासताना अडखळतो. रजिस्ट्री एडिटर उघडा: एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, यूजर शेल फोल्डर्स. उजवीकडच्या यादीत कुठे डी ने सुरू होणारा पत्ता दिसतो का बघा. दिसला तर तो फोल्डर आज खरोखर जिथे आहे तो पत्ता, उदाहरणार्थ एम वरचा, तिथे लिहा. लॉग आउट करून पुन्हा आत या. बदलाआधी ‘एक्स्पोर्ट’ करून त्या कीची प्रत ठेवायची, हे सांगायला नकोच.

प्रोग्रॅम फाइल्समध्ये इन्स्टॉल करू नका. सी वर ‘ओल्ड’ असा साधा फोल्डर करा. जुना प्रोग्रॅम आपली आयएनआय फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो. प्रोग्रॅम फाइल्समध्ये त्याला ती परवानगी नसते, म्हणून विंडोज गुपचूप ती फाइल तुमच्या अॅपडेटातल्या व्हर्च्युअल स्टोअर फोल्डरमध्ये वळवते. मग तुम्ही प्रोग्रॅम फाइल्समधली आयएनआय उघडून ‘डी:’चं, समजा, ‘आर:’ करता, प्रोग्रॅम वाचतो मात्र ती दुसरीच, आणि बदल का लागू होत नाही हे कळतच नाही.

कॉपी-संरक्षणाचं काय? सेफडिस्कचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नाहीच. २०१५च्या सप्टेंबरमधल्या सुरक्षा अपडेटने तो व्हिस्टापासून ८.१ पर्यंतच्या विंडोजमध्येही बंद केला. त्यात सुरक्षेचं भोक होतं. म्हणजे मूळ डिस्क, खरा ड्राइव्ह, बरोबर अक्षर, सगळं असूनही असा खेळ चालणार नाही. कुठूनतरी आणलेल्या ‘नो-सीडी’ फायली बसवू नका. त्यांतून काय काय आत येतं याचा नेम नाही. त्या खेळाची संरक्षण काढलेली आवृत्ती मूळ प्रकाशकाने किंवा खेळ विकणाऱ्या अधिकृत दुकानाने काढली आहे का शोधा. अनेक जुने खेळ तसे मिळतात.

७. ड्राइव्ह दिसतच नाही

वायर, पोर्ट, वीज तपासून झाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह पिवळ्या त्रिकोणासह दिसतो, प्रॉपर्टीजमध्ये कोड १९ किंवा कोड ३९ लिहिलेला आहे. सीडी लिहिणाऱ्या किंवा नकली ड्राइव्ह बनवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरने आपला फिल्टर ड्रायव्हर (विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मधे बसणारा छोटा प्रोग्रॅम) मध्ये घुसवला, नंतर ते सॉफ्टवेअर काढलं किंवा विंडोज बदलली, फिल्टरची नोंद तेवढी राहिली. विंडोज तो फिल्टर शोधते, मिळत नाही, म्हणून अख्खा ड्राइव्हच बंद ठेवते.

नोंद काढायची ती अशी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ टॅब, वरच्या यादीतून ‘क्लास गुइड’ निवडा. महिरपी कंसातला लांबलचक क्रमांक येईल, तो कॉपी करा. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास इथे जाऊन तोच क्रमांक शोधा. उजवीकडे ‘क्लास’ समोर ‘सीडीरॉम’ लिहिलेलं असलंच पाहिजे. असेल तर आणि तरच ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी काढा, मशीन पुन्हा चालू करा.

इतका काथ्याकूट अशासाठी की शेजारचा, एकाच आकड्याने वेगळा क्रमांक हार्ड डिस्कचा असतो, आणि तिथेही ‘अपरफिल्टर्स’ असतं. ते काढलं तर विंडोज पुढच्या वेळी चालूच होणार नाही. कीबोर्डच्या क्लासमध्येही असंच नाव आहे. शोधून मिळालेली पहिली नोंद उडवू नका.

ट्रे आतच अडकला असेल तर ड्राइव्हची वायर काढा आणि पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घाला. ड्राइव्ह चालू असताना हे करायचं नाही.

८. नेटवर्कवरचं अक्षर अॅडमिनला दिसत नाही

ऑफिसात सर्वरवर सीडीचा फोल्डर ठेवून त्याला झेड अक्षर देतात. एक्सप्लोररमध्ये झेड दिसतो, सेटअप ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ केला की म्हणतो झेड नाहीच. साध्या आणि अॅडमिनच्या सत्रात विंडोज नेटवर्कची अक्षरं वेगवेगळी ठेवते, हे त्याचं कारण. रजिस्ट्रीत खटपट करण्यापेक्षा आयएसओ त्या मशीनच्या सी वर कॉपी करून जोडा.

९. डीव्हीडी सिनेमा आणि नाटकं

विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजसोबत येत नाही. व्हीएलसी बसवा, झालं. परदेशी राहणाऱ्यांनी एक बघा: भारत डीव्हीडीच्या ५ व्या प्रदेशात येतो, अमेरिका १ मध्ये, बहुतेक युरोप २ मध्ये. डिस्कच्या मागे पृथ्वीच्या चित्रात आकडा असतो. आकडा नसेल किंवा ‘ऑल’ असेल तर प्रश्न नाही. विंडोजने प्रदेश बदलायचा का असं विचारलं तर जपून: ड्राइव्ह तो फक्त पाच वेळा बदलू देतो, नंतर शेवटचा कायम राहतो, आणि ही मोजणी ड्राइव्हच्या आत होते. विंडोज नव्याने टाकून ती शून्यावर येत नाही.

१०. तरीही नाही जमलं तर

डॉसचं सॉफ्टवेअर असेल तर डॉसबॉक्स, म्हणजे नव्या कंप्युटरवर डॉस उभं करणारा प्रोग्रॅम. त्यात इमजीमाउंट कमांडने आयएसओ किंवा क्यू फाइल थेट डी म्हणून जोडता येते, आणि तुमच्या खऱ्या डी ला धक्काही लागत नाही.

विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या काळातलं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या विंडोजचं मशीन बनवा. त्या विंडोजची मूळ सीडी आणि की मात्र तुमच्याकडे हवी. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल ड्राइव्हला आयएसओ जोडा. आत हार्ड डिस्कचा एकच भाग ठेवलात तर सीडी आपोआप डी वर येते. या मशीनचं नेटवर्क बंद ठेवा, एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणं २०१४ मध्येच थांबलं. १६-बिटचे सेटअप आणि अक्षराचे हट्ट, दोन्ही इथे सुटतात.

लिनक्सवाल्यांना अक्षरांची भानगड नाही, पण वाइनमध्ये विंडोजचं सॉफ्टवेअर चालवताना ती परत येते. वाइनच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘ड्राइव्ह्ज’ टॅब उघडा, डी जोडा, आयएसओ जिथे माउंट केली तो फोल्डर द्या आणि ‘शो अॅडव्हान्स्ड’ दाबा. तिथे प्रकार ‘सीडी-रॉम’ करा. प्रकार तसाच राहिला तर सब्स्टसारखीच गत होते. फोल्डरमधून चालवत असाल तर लेबलही तिथेच लिहा, मूळ डिस्कवर जसं होतं तसं, मोठ्या अक्षरांसकट.